मधले अडीच तास: एका कन्याशाळेच्या घटत्या पटाचा प्रकरण अभ्यास

शाळेचं, गावाचं आणि माणसांचं नाव या लेखात दिलेलं नाही. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत, आकडे मुद्दाम ढोबळ ठेवले आहेत. मी या संस्थेची सभासद नाही. शिक्षणसंस्थांच्या कागदपत्रांचं काम करते, त्या निमित्ताने व्यवस्थापन मंडळाच्या बैठकांना बसत होते.

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातलं एक तालुक्याचं गाव. पेठ, कोर्ट, आठवड्याचा बाजार, थोड्या अंतरावर साखर कारखाना आणि भोवती उसातली खेडी. इथली ही खासगी अनुदानित कन्याशाळा, मराठी माध्यम, पाचवी ते दहावी. इमारत आणि कारभार संस्थेचा, शिक्षकांचा पगार शासनाचा, आणि वेतनेतर अनुदान येईल तेव्हा येणार.

शाळा निघाली स्वातंत्र्यानंतर लगेच. तेव्हा गावात एक हायस्कूल होतं आणि तिथे मुलींना मज्जाव नव्हता. तरी सातवीची फायनल झाली की वर्गात मुली उरत नसत. पेठेतले काही व्यापारी, एक वकील आणि पुण्याजवळ हिंगण्याला, कर्व्यांच्या संस्थेत शिकून आलेल्या एक बाई यांनी एका वाड्याच्या मागच्या सोप्यात वर्ग भरवायला सुरुवात केली.

कल्पना काही नवी नव्हती. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली 1848 मध्ये. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर, वामन आबाजी मोडक यांच्या पुढाकाराने 1884 मध्ये मुलींचं हायस्कूल उभं राहिलं, तेच पुढे हुजूरपागा म्हणून प्रसिद्ध झालं. तिथल्या अभ्यासक्रमावर टिळकांनी ‘केसरी’तून कडाडून टीका केली होती. धोंडो केशव कर्व्यांनी 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रम सुरू केला आणि 1916 मध्ये महिला विद्यापीठ. हा सगळा इतिहास पुण्या-मुंबईचा. तालुक्याच्या गावाला त्यातून काय मिळालं, तर तिथे शिकलेली एक बाई इथे शिकवायला मिळाली. गाव त्यांना ‘मोठ्या बाई’ म्हणायचं, आणि त्यांच्यानंतरच्या प्रत्येक मुख्याध्यापिकेला तेच नाव पडत गेलं.

काही वर्षांनी पेठेतल्या एका कुटुंबाने वेशीबाहेरची जागा शाळेला दिली. बक्षीसपत्रात एक अट आहे: जागेचा उपयोग ‘फक्त कन्यांच्या शिक्षणाकरिता’ व्हावा. हे तीन शब्द पुढे फार महत्त्वाचे ठरले.

शाळेचं जुनं जनरल रजिस्टर वाचण्यासारखं आहे. पहिल्या दशकांत ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यात ‘लग्न’, ‘आईचे आजारपण’, ‘घरी धाकटी भावंडे’, ‘वडिलांची बदली’ असं स्वच्छ लिहिलेलं आहे. एके ठिकाणी तर ‘सासरची मंडळी नको म्हणतात’ अशीही नोंद सापडते. ऐंशीच्या दशकात ‘लग्न’ विरळ होत जातं. नव्वदच्या पुढे मात्र सगळीकडे एकच वाक्य आहे: ‘पालकांच्या अर्जावरून’.

शाळेचे चांगले दिवस म्हणजे नव्वदचं दशक. प्रत्येक इयत्तेच्या तीन-तीन तुकड्या. निळा परकर-पोलका जाऊन स्कर्ट आला, मग पंजाबी ड्रेस; लाल रिबिनी तेवढ्या राहिल्या. गाईडची पथकं, चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा, शिवणयंत्रांचा वर्ग, जिल्ह्यात नाव असलेला कबड्डीचा संघ. हस्त नक्षत्र लागलं की पटांगणात भोंडला व्हायचा, मधोमध पाटावर हत्ती, आणि खिरापत ओळखायला शिक्षिकाही फेरात. ज्या मुली इथे शिकल्या त्यांनी आपल्या मुली इथेच घातल्या. शाळेला स्वतःहून कुणाच्या दारी जावं लागलं नाही, आणि त्यामुळे कसं जायचं हे ती शिकलीच नाही.

अडचण

पट घसरायला लागून वीस वर्षं होत आली होती, पण उतार मंद होता म्हणून कुणाला टोचला नाही. तीन तुकड्यांच्या दोन झाल्या, मग एक. कोविडनंतर 4 ऑक्टोबर 2021 ला शाळा उघडल्या तेव्हा पाचवीचा वर्ग अर्ध्यावर रिकामा होता. त्याहून काळजीची गोष्ट म्हणजे सातवी-आठवीतल्या मुली दाखले काढून नेत होत्या.

अनुदानित शाळेत पट घटला की फटका लगेच बसतो. शिक्षकांची पदं संचमान्यतेवर, म्हणजे शाळेला किती पदं मंजूर याच्या सरकारी आदेशावर ठरतात, संचमान्यता पटावर, आणि तो पटही आता आधारशी जुळलेलाच धरला जातो. पद गेलं की शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि समायोजनाच्या यादीत जातो. त्यात 2 मे 2012 च्या निर्णयाने शिक्षकभरती वर्षानुवर्षं अडकलेली, म्हणजे निवृत्त झालेल्यांच्या जागा मोकळ्याच. शिपायांची पदं तर 11 डिसेंबर 2020 च्या निर्णयाने नियमित पगाराऐवजी ठोक भत्त्यावर नेली. मुलींच्या शाळेत फाटकावर बसणारी, मुलीला बरं नसलं तर घरी सोडून येणारी मावशी हा पदाच्या यादीत न दिसणारा भाग असतो. तो इथे हळूहळू नाहीसा झाला होता.

व्यवस्थापन मंडळात निदान तयारच होतं: इंग्रजी माध्यम. ते अर्धं खरंही होतं. 2012 च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्यानंतर तालुक्यात अशा शाळा वाढल्या आणि पेठेतल्या मुली तिकडे गेल्या. पण आणखी दोन कारणं होती, त्यांचा बैठकीत कुणी उच्चार केला नव्हता.

एक, शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक शाळा पाचवीपर्यंत आणि उच्च प्राथमिक आठवीपर्यंत धरली. आपल्याकडे माध्यमिक शाळा पाचवीपासून सुरू होत आल्या आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळांना पाचवी आणि आठवी जोडली जाऊ लागली, तशी माध्यमिक शाळेची दाराशी येणारी मुलं गावातच थांबली.

दुसरं कारण सांगायला जड जातं. 2001 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे 913 मुली होत्या, 2011 मध्ये 894. त्या 2011 च्या मोजणीतली मुलं पाचवीत पोचली साधारण 2015 ते 2021 या वर्षांत. मुलांच्या किंवा मिश्र शाळेला हा फरक जाणवत नाही, कन्याशाळेला जाणवतो. तिच्या रिकाम्या बाकांपैकी काही बाकांवरच्या मुली दुसऱ्या कुठल्या शाळेत गेल्याच नव्हत्या. त्या जन्मालाच आल्या नव्हत्या. हे मी बैठकीत मांडलं तेव्हा अध्यक्ष काका बराच वेळ कागद चाळत राहिले आणि मग म्हणाले, “यावर आपण ठराव काय करणार?” प्रश्न रास्त होता.

समोर आलेले पर्याय

पहिला आणि सर्वांत जोरात मांडला गेलेला पर्याय सहशिक्षणाचा: पाचवीपासून मुलांना प्रवेश द्यायचा. शिक्षकवर्गाचा मोठा भाग याच्या बाजूने होता. त्यात नोकरी वाचवण्याचा हेतू होता हे खरं, पण तेवढ्यावरून तो मोडीत काढणं मला पटलं नाही. पन्नाशीतल्या शिक्षिकेला समायोजनात ऐंशी किलोमीटरवरची शाळा मिळणार असेल तर तिने तो विचार करू नये असं कोण म्हणेल? शिवाय तत्त्वाचाही मुद्दा होता. एक तरुण शिक्षिका म्हणाल्या, “मुलींना बाहेर मुलांबरोबरच काम करायचं आहे. आपण त्यांना भिंतीआड किती दिवस ठेवणार?”

विरोधात माजी विद्यार्थिनी होत्या. त्यांचं म्हणणं भावनेचं आहे असं बैठकीत सहज बोललं गेलं, पण ते तसं नव्हतं. मंडळातल्या एक सदस्य, याच शाळेत शिकून पुढे बँकेत अधिकारी होऊन निवृत्त झालेल्या, त्यांनी विचारलं होतं, “मिश्र शाळेत वर्गप्रमुख कोण होतं, प्रयोगशाळेत हात कोण लावतं आणि मैदान कुणाला मिळतं, ते एकदा जाऊन बघा. इथे सगळं मुलीच करतात, कारण दुसरं कोणी नाही.” हुजूरपागेच्या अभ्यासक्रमावरून झालेल्या 1887 च्या वादात मुलींनी काय शिकावं यावर भांडण होतं. इथे त्यावर दुमत नव्हतं, गणित-विज्ञान सगळ्यांनाच हवं होतं. वाद होता तो मुलींनी कुणाशेजारी बसून शिकावं याचा.

कायद्याची बाजू मात्र सरळ होती. संस्थेच्या घटनेतला उद्देश बदलायचा तर धर्मादाय आयुक्तांकडे जावं लागणार, आणि बक्षीसपत्रातल्या त्या तीन शब्दांवरून देणाऱ्या कुटुंबाचे वारस कोर्टात जाऊ शकत होते. वारसांपैकी एकाने तसं बोलूनही दाखवलं होतं. जागेचा भाव आता काय झाला आहे हे त्यांनाही ठाऊक होतं.

दुसरा पर्याय, त्याच आवारात इंग्रजी माध्यमाची विनाअनुदानित शाखा. पैसे उभे राहतील, पण मराठी शाळा मागच्या दाराची होईल. जिथे जिथे एका आवारात अशा दोन शाळा मी पाहिल्या, तिथे नवा रंग कोणत्या इमारतीला लागतो हे सांगावं लागत नाही.

तिसरा, सेमी-इंग्रजी: गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. यावर कुणाचा विरोध नव्हता. शिकवणार कोण, एवढाच प्रश्न होता.

रस्त्याकडेची जागा विकासकाला देऊन गाळे काढण्याचा प्रस्तावही आला. सार्वजनिक विश्वस्त अधिनियमाच्या कलम 36 खाली विक्रीला, आणि इमारतीच्या तीन वर्षांहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्यालाही, आयुक्तांची मंजुरी लागते हे कळल्यावर तो मागे पडला. अकरावी-बारावी सुरू करणं म्हणजे तेही स्वयंअर्थसहाय्यित तत्त्वावर, आणि तेवढी गंगाजळी संस्थेकडे नव्हती.

गंगाजळी का नव्हती, हे सांगायला हवं. शाळेचा अमृतमहोत्सव नुकताच झाला होता. माजी विद्यार्थिनींनी पुण्या-मुंबईहून, काहींनी परदेशातून, मनापासून पैसे पाठवले होते. त्यातून दगडी प्रवेशद्वार उभं राहिलं. द्वार देखणं आहे.

निर्णयाचा पहिला क्षण: ठराव की चौकशी

सहशिक्षणाचा ठराव जवळपास मंजूर होत होता. बँकेतल्या त्या सदस्यांनी तो थांबवला, आणि थांबवताना तत्त्वाचा आधार घेतला नाही. त्या एवढंच म्हणाल्या, “गेल्या तीन वर्षांत दाखला नेलेल्या मुलींची यादी मला द्या. कुठे गेल्या आणि का, ते लिहा. मग मी सही करते.”

यादी निघाली. कारणाच्या रकान्यात अर्थात ‘पालकांच्या अर्जावरून’. शाळेने गेली तीस वर्षं स्वतःच्याच प्रश्नाचं उत्तर त्या रकान्यात पुसून टाकलं होतं. मग कोणत्या शाळेने दाखला मागवला त्यावरून मुली कुठे गेल्या ते काढलं. दोन शिक्षिकांनी घरोघरी फोन लावले, काही गावांना त्या दुचाकीवरून जाऊन आल्या.

पेठेतल्या मुली इंग्रजी माध्यमात गेल्या होत्या, अपेक्षेप्रमाणे. पण गळतीतला मोठा वाटा खेड्यांवरच्या मुलींचा होता, आणि त्या गेल्या होत्या गावातल्याच दुसऱ्या मराठी माध्यमाच्या मिश्र हायस्कुलात. एका वडिलांनी शिक्षिकेला जे सांगितलं ते पुढे बैठकीत जसंच्या तसं वाचून दाखवलं गेलं:

“तुमच्या शाळेला नाव ठिवत न्हाई बाई. माझी थोरली तितंच शिकली. पर पोरगी सव्वापाचला सुटतीया आन् घरी येतीया पावणेआठला. मधलं अडीच तास कुणाचं?”

अडीच तासांचा हिशोब

शाळेची वेळ होती अकरा ते सव्वापाच. ती ठरली तेव्हा मुली गावातल्याच होत्या आणि घरचं सकाळचं काम उरकून शाळेत येत. पुढे मुली बदलल्या, त्या खेड्यांतून एसटीने येऊ लागल्या; अहिल्याबाई होळकर योजनेतून मुलींना पासही मोफत मिळू लागला. वेळ तीच राहिली. पावणेसहाची एक गाडी होती, तिच्यावर सगळं निभत होतं.

ऑक्टोबर 2021 च्या अखेरीस एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला, तो एप्रिल 2022 पर्यंत चालला. संप मिटल्यावर लांब पल्ल्याच्या गाड्या आधी रुळावर आल्या, खेड्यांच्या फेऱ्यांपैकी काही परतल्याच नाहीत. पावणेसहाची त्यातलीच. पुढची गाडी पावणेसातला. ती फाट्यावर सोडणार आणि तिथून वस्तीपर्यंत उसातून चालत. सकाळची गाडी तर सव्वानवालाच येई, म्हणजे शाळा भरेपर्यंत मुली पटांगणात बसून. सहा तासांच्या शाळेसाठी मुलगी जवळजवळ बारा तास घराबाहेर.

मिश्र हायस्कूल चारला सुटायचं आणि सव्वाचारची गाडी मिळायची. पालकांनी सहशिक्षण निवडलं नव्हतं, सव्वाचारची गाडी निवडली होती. मुलींची शाळा म्हणजे सुरक्षित, हे संस्थेचं जाहिरातीतलं वाक्य फाटकाच्या आत खरं होतं. फाटकाबाहेर उलट झालं होतं: दोन शाळांपैकी मुलींना तिन्हीसांजेला स्टँडवर उभं करणारी शाळा कन्याशाळा होती.

बाहेरून पाहणाऱ्याला हे अगदी उघड वाटेल. आतल्यांना ते दिसलं नाही याचं कारण आळस नव्हतं. शिक्षिका जिल्ह्याच्या गावाहून येत, त्यांची गाडी साडेदहाला पोचे आणि साडेपाचला निघे. त्यांच्या दिवसाशी शाळेची वेळ बेताची जुळलेली होती. शाळा सुटल्यावर मुलींचं काय होतं ते पाहायला तिथे कोणी नसे. ती मावशी असती तर तिने सांगितलं असतं.

फोन करताना कळलेली दुसरी गोष्ट

काही घरांतून उत्तर नीट आलं नाही. ‘मामाकडं ठेवलीया’, ‘आता घरीच बसतीया’. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वर्षांच्या स्त्रियांपैकी 21.9 टक्के स्त्रियांचं लग्न अठरा वर्षांच्या आत झालेलं आढळलं होतं. त्यामुळे अशा उत्तरांचा अर्थ शिक्षिकांना लावता येत होता. नववीतल्या दोन मुलींची लग्नं ठरल्याचं त्यांच्या मैत्रिणींकडून पक्कं कळलं.

मोठ्या बाई अडखळल्या. कळवायचं तर कुणाला? गावात बालविवाह प्रतिबंध अधिकारी म्हणजे ग्रामसेवक, आणि त्याला गावातच नोकरी करायची असते. शाळेने तक्रार केली असं पसरलं तर त्या खेड्यातून पुढच्या वर्षी एकही मुलगी येणार नाही, ही भीती खरी होती आणि ती बैठकीत मोकळेपणी बोललीही गेली. पट वाचवण्यासाठी घेतलेल्या चौकशीतूनच पट बुडवणारी माहिती हाती आली होती. बाईंनी शेवटी 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन केला. एका मुलीचं लग्न पुढे ढकललं गेलं, ती परत आली आणि दहावीला बसली. दुसरीचं आदल्याच आठवड्यात दुसऱ्या जिल्ह्यात लागून गेलं होतं. त्या खेड्यातून मुली यायच्या थांबल्या नाहीत.

निर्णयाचा दुसरा क्षण: वेळ कुणासाठी

शाळेची वेळ पावणेदहा ते चार करायची, असा प्रस्ताव आला. खरी ओढाताण इथे झाली, सहशिक्षणाच्या वादापेक्षा जास्त. तत्त्वावर सगळे बोलले होते. वेळेने प्रत्येकाच्या घरातला डबा आणि गाडी बदलणार होती. लहान मुलं असलेल्या दोन शिक्षिकांना पहाटे निघावं लागणार होतं. त्या पालकसभेत रडल्या. पालकांना त्यांच्याबद्दल सहानुभूती वाटली, पण मत बदललं नाही.

मार्ग निघाला तो असा. पहिला तास ज्यांना शक्य आहे त्यांनी घ्यायचा, उशिरा येणाऱ्यांनी चारनंतर स्टँडची पाळी करायची. म्हणजे रोज दोन शिक्षिका मुलींबरोबर स्टँडवर जाणार आणि शेवटची मुलगी गाडीत बसेपर्यंत थांबणार. ते काम वेळापत्रकात छापलं गेलं, उपकार म्हणून नाही. पालक-शिक्षक संघाचा ठराव झाला, माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांना कळवलं.

तीन मार्गांपैकी दोनांवर सव्वाचारची गाडी होतीच. तिसऱ्या मार्गासाठी चार ग्रामपंचायतींचे ठराव घेऊन मंडळी आगारप्रमुखांकडे गेली. आगाराकडे गाडी नव्हती. मानव विकास कार्यक्रमातल्या मुलींसाठीच्या निळ्या बस राज्यातल्या 125 तालुक्यांत फिरतात, हा तालुका त्यात नाही. शेवटी व्हॅन लावली. तिच्यासाठी माजी विद्यार्थिनींकडे पुन्हा पैसे मागितले, तेव्हा प्रवेशद्वाराला आले होते त्याच्या मानाने फारच थोडे आले. व्हॅनवर कुणाच्या आईवडिलांच्या नावाची पाटी लागत नाही. जे आले ते मात्र दरमहा येत राहिले.

सेमी-इंग्रजी पाचवीपासून एकेक इयत्ता वर नेत सुरू केलं. विज्ञान पदवीधर शिक्षिका एकच, म्हणून गणिताला संस्थेच्या खर्चाने तासिकेवर एक तरुण शिक्षिका घेतली. सहशिक्षणाचा ठराव ना मंजूर झाला ना फेटाळला. तो ‘स्थगित’ आहे.

काय झालं

खेड्यांवरच्या मुलींची गळती पहिल्याच वर्षी जवळजवळ थांबली. गेलेल्यांपैकी थोड्या परत आल्या, बहुतेक आल्या नाहीत. नव्या शाळेत मैत्रिणी झाल्या होत्या. पाचवीचा वर्ग भरला नाही, पण रिकामाही राहिला नाही. पेठेतल्या मुली इंग्रजी माध्यमातच जातात, त्यावर सेमीने फरक पडलेला दिसत नाही. सेमीचा उपयोग वेगळ्याच ठिकाणी झाला: अकरावी विज्ञानाला जाणाऱ्या मुलींची भीती कमी झाली, असं त्यांच्या शिक्षिका सांगतात.

दोन शिक्षक तरीही अतिरिक्त ठरले आणि गेले. त्यातल्या एक जण गाईडचं पथक चालवायच्या. ते आता नाही.

सर्वांत मोठी किंमत मैदानाने दिली. चारला सगळ्या मुली गाडीला पळतात, त्यामुळे शाळा सुटल्यावरचा कबड्डीचा सराव बंद पडला. सकाळी सव्वानऊला आलेल्या मुलींचा अर्धा तास खेळाला द्यायचा प्रयत्न झाला, पण पहिल्या तासाला धापा टाकत येणाऱ्या मुलींवरून तक्रारी झाल्या. गेल्या वर्षी जिल्हास्तरावर शाळेचा संघच नव्हता. ज्या शाळेत मैदान पूर्ण मुलींचं होतं त्या शाळेत हे झालं, याची हळहळ बँकेतल्या त्या सदस्यांना सगळ्यात जास्त आहे.

ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरचं प्रकरण घडलं, त्यानंतर शाळांत सीसीटीव्हीची सक्ती झाली. शाळेने कॅमेरे बसवले, त्यात व्हॅनच्या काही महिन्यांचा खर्च गेला. कॅमेरे आवाराच्या आत आहेत. आत लक्ष हवंच, त्याबद्दल वाद नाही, पण या शाळेच्या पालकांनी बोट दाखवलं होतं ते रस्त्याकडे.

वेगळं काय करता आलं असतं

अमृतमहोत्सवाच्या आधी, पैसे हातात असताना, दाखल्यांची ती यादी निघाली असती तर प्रवेशद्वाराऐवजी वाहन घेता आलं असतं असं म्हणणं सोपं आहे. मला शंका आहे. देणगीदारांना दिसणारी वस्तू हवी असते, आणि मंडळालाही. कदाचित द्वाराच्या वर्गणीतच एक ठरावीक हिस्सा ‘मुलींच्या प्रवासासाठी’ म्हणून आधीच बाजूला काढला असता तर कुणी हरकत घेतली नसती. हे निदान पुढच्या समारंभाआधी करता येईल.

वेळबदलाची चर्चा शिक्षिकांशी आधी आणि पालकांशी नंतर व्हायला हवी होती. क्रम उलटा झाला. भर सभेत त्यांना पालकांसमोर उभं राहून आपली अडचण सांगावी लागली, त्याचा कडवटपणा अजून गेलेला नाही. स्टँडच्या पाळीचा तोडगा त्यांच्यातूनच आला होता; तो आठवडाभर आधी विचारला असता तरी आला असता.

संपानंतर पावणेसहाची गाडी बंद झाली तेव्हा त्याच आठवड्यात मुली वर्गात त्याबद्दल बोलत होत्या. हे नंतर मुलींनीच सांगितलं. वर्गशिक्षिकांना ऐकूही गेलं होतं, पण गाड्यांचं वेळापत्रक हा शाळेचा विषय आहे असं कुणाला वाटलं नाही. आता दर सोमवारी हजेरी घेताना कोण कितीला घरी पोचलं हे विचारतात आणि वहीत लिहितात. जनरल रजिस्टरच्या त्या रकान्यातही खरं कारण लिहायचं ठरलं आहे. क्लार्क कुरकुरतात, कारण दाखल्यावर तेच कारण छापून जातं आणि पालकांना ते नको असतं. म्हणून दाखल्यावर जुनं वाक्य आणि वेगळ्या वहीत खरं कारण, अशी तडजोड चालू आहे.

आणि सहशिक्षण. ठराव स्थगित ठेवल्याने वाद टळला, पण दर वर्षी 30 सप्टेंबरची पटसंख्या जवळ आली की तो पुन्हा निघतो. माझं मत विचारलं तर बक्षीसपत्राच्या अटीवर आधी कायदेशीर सल्ला घेऊन तो एकदाचा निकालात काढावा, होय किंवा नाही. अधांतरी ठेवल्याने नवीन पालकांना शाळा पुढच्या वर्षी कशी असेल हे सांगता येत नाही, आणि प्रवेशाच्या वेळी ते नेमकं हेच विचारतात.

सध्या प्रश्न व्हॅनचा आहे. डिझेल, विमा आणि चालकाचा पगार धरून दरमहा वर्गणी अपुरी पडते. दोन ग्रामपंचायतींनी आपल्या निधीतून वाटा द्यायची तयारी दाखवली आहे, उरलेल्या दोन म्हणतात की गाडी मिश्र हायस्कूलच्या मुलींनाही घेणार असेल तरच देऊ. मोठ्या बाई याला तयार आहेत. मंडळाची बैठक मे महिन्यात आहे.